घरच्या गच्चीत-बाल्कनीत सॅलडच्या भाज्या: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी पेरणीपासून काढणीपर्यंत

गणपती उठले की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, लेट्यूस कुंडीत येतो का, गाजराला किती खोल माती लागते, टोमॅटोला फुलं येतात पण फळ का धरत नाही. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी पुण्यात गच्चीवर लावते, त्यामुळे इथले महिने आणि तारखा पुण्याच्या हवेच्या आहेत. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, तिकडे सगळं दोन-तीन आठवडे पुढे ढकला आणि लेट्यूसकडून जरा कमी अपेक्षा ठेवा. विदर्भ, खानदेशात थंडी चांगली पडते, तिकडे तर मजाच आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एक, सॅलड म्हणजे एक पीक नाही, पाच-सहा पिकं आहेत आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा, मुळा महिन्या-सव्वा महिन्यात तयार होतो तर टोमॅटो बी पेरल्यापासून तीन-साडेतीन महिने घेतो, म्हणून सगळं एकाच रविवारी पेरलं तर ताटात कधीच एकत्र येत नाही. दुसरी, हे आपण कच्चं खाणार आहोत. भाजी शिजवताना जे जंतू मरतात ते इथे मरत नाहीत, त्यामुळे खत आणि फवारणीचे नियम मेथी-पालकाच्या भाजीपेक्षा कडक ठेवायचे.

१. आधी ऊन बघा, मग खरेदी

बरेच जण आधी कुंड्या आणतात आणि मग जागा शोधतात. उलटं करा. एक सुट्टीचा दिवस धरा आणि सकाळी ८, १०, १२, २, ४ ला बाल्कनीत कुठे ऊन पडतंय ते बघून ठेवा. पालेभाज्यांना चार तास ऊन पुरतं, मुळा-गाजर-बीटला पाच तरी हवं, टोमॅटो आणि काकडीला सहाच्या खाली नका जाऊ, वेल वाढेल पण फळ देणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडची बाल्कनी जी मे महिन्यात सावलीत असते तिथे डिसेंबरमध्ये पार आतपर्यंत ऊन येतं. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र थंडीत थेट ऊन जवळपास नसतंच. तिथे टोमॅटोचा हट्ट नको, ट्रेमध्ये कोवळी मेथी लावा, मुंबईत समुद्र मेथी म्हणून छोट्या जुड्या मिळतात ना तसलीच, वाळू मिसळलेल्या मातीत दाट पेरायची आणि दोन आठवड्यांत कापायची. कच्ची, कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घालून सुंदर लागते.

२. गच्ची असेल तर परवानगी आणि वजन

गच्ची सोसायटीची असेल तर तोंडी "हो हो लावा" वर विसंबू नका. सेक्रेटरींच्या नावे साधा अर्ज द्या, त्यात कुठल्या बाजूला किती कुंड्या ठेवणार, पाणी कुठून घेणार, खाली ट्रे किंवा स्टँड असणार हे लिहा आणि पोच घेऊन ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांचं लेखी संमतीपत्र पण लावा. वॉटरप्रूफिंगचं काम कधी झालंय ते विचारून घ्या, कारण पुढे खालच्या मजल्यावर ओल आली की पहिलं बोट कुंड्यांकडे जातं, मग ओल कुठूनही येत असो.

वजनाचा अंदाज असू द्या. भिजलेली नुसती माती भयंकर जड असते, एक घनमीटर म्हणजे दीड टनाच्या पुढेच. म्हणून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून हलकं मिश्रण करायचं आणि जड कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, भिंतीलगत किंवा बीमच्या वर ठेवायच्या. कुंडी थेट लादीवर नको, दोन विटांवर ठेवा, पाणी मोकळं वाहतं आणि खाली झाडता येतं.

३. काय काय लागेल

यादी मोठी नाही. नर्सरीत गेलं की दहा वस्तू गळ्यात पडतात त्यातल्या निम्म्या लागत नाहीत.

- लेट्यूस, मुळा, कोथिंबीर, बीट यांच्यासाठी ८ इंच खोल काहीही, भाजीवाल्याचे जुने प्लॅस्टिक क्रेट सगळ्यात उत्तम, आतून ग्रीन नेटचा तुकडा लावला की माती गळत नाही
- गाजरासाठी १२ इंच खोल ग्रो बॅग
- टोमॅटो आणि काकडीसाठी एका झाडाला एक २० लिटरची बादली किंवा तेवढीच बॅग, तळाला भोकं पाडून
- लाल माती किंवा पोयट्याची माती, गांडूळखत, कोकोपीट, थोडी निंबोळी पेंड
- खुरपं, बारीक भोकांची झारी, सुतळी, बांबूच्या काठ्या, स्वच्छ कात्री, एक स्प्रेची बाटली
- रोपांसाठी सीडलिंग ट्रे, नसेल तर चहाचे कागदी कप चालतात
- बी, आणि त्यावर तारीख टाकायला एक मार्कर पेन

बियांच्या पाकिटावर उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख आणि कधीपर्यंत वैध हे छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. सुट्टं बी स्वस्त मिळतं पण किती जुनं ते कळत नाही, आणि कांद्या-गाजराचं बी लवकर दम सोडतं. बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, पेरायला हरकत नाही पण हाताळल्यावर हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं तिथे बी-रोपांचे स्टॉल असतात, पण तोपर्यंत थंडी निम्मी सरलेली असते, म्हणून मुख्य खरेदी दसऱ्याच्या आधीच करून टाका.

४. माती

चार भाग माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग कोकोपीट, आणि एका क्रेटला दोन मुठी निंबोळी पेंड. एवढंच. काळी माती फुकट मिळत असली तरी कुंडीत नको, भिजली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा, गाजर तर त्यात वाकडंतिकडंच होतं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की साधारण ६० ते ७० लिटर होते, घरातल्या साध्या बादलीत मावणार नाही, मोठा टब घ्या. भिजवल्यावर एक-दोनदा पाणी काढून टाका, त्यात क्षार असतात.

आता शेणखत. कच्चं खायच्या पिकासाठी ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेण अजिबात नाही, शेणाची स्लरी किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं पाणी) पण लेट्यूस-कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडायचं नाही. जमिनीला टेकणारं पीक कच्चं खायचं असेल तर कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावेत असा नियम सेंद्रिय शेतीत पाळला जातो, आपला मुळा तर ४० दिवसांत निघतो, म्हणजे विषयच संपला. नीट कुजलेलं खत हातात घेतलं तर गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, मातीसारखं भुगभुगीत असतं. शंका आली की गांडूळखतच घाला. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात तो त्रास वेगळा.

माती विकत घ्यायची नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीचे प्रयोग एकमेकांना सांगणाऱ्या लोकांच्या गटातून, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून घरच्या घरी माती तयार करायची पद्धत कितीतरी लोकांनी उचलली आहे. वेळ लागतो, पण वजनाला हलकी आणि जिवंत माती मिळते, आणि सोसायटीत झाडून जाळला जाणारा पाला कामी येतो. या वर्षी सुरुवात केलीत तर पुढच्या थंडीला उपयोगी पडेल.

५. उलटं मोजून पेरा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. समजा तुम्हाला जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास पूर्ण ताट घरचं हवंय. तिथून मागे मोजत या.

टोमॅटो सगळ्यात आधी. सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमध्ये बी, २५ ते ३० दिवसांनी वीतभर रोप झालं की बादलीत. पहिल्यांदा लावत असाल तर चेरी टोमॅटो घ्या, मोठ्या टोमॅटोपेक्षा खूप कमी नखरे.

गाजर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तयार व्हायला ९० ते १०० दिवस. लाल गाजर हवं तर पुसा रुधिरा, पुसा केसर, केशरी हवं तर नॅन्टीस जात. गाजराचं रोप करून लावायचं नाही, थेट जागेवरच पेरायचं, कारण उपटून लावलं की मूळ दुभंगतं. उगवायला १० ते १५ दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरची माती एकदाही वाळता कामा नये, ओलं गोणपाट टाकून ठेवा, कोंब दिसले की लगेच काढा.

बीट ऑक्टोबरच्या मध्याला. बीटचं एक "बी" म्हणजे खरं तर तीन-चार बियांचा गठ्ठा असतो, त्यामुळे एका जागी जुडी उगवते, घाबरू नका, एक जोमदार ठेवून बाकीची कात्रीने कापा आणि ती कोवळी लाल देठांची पानं सॅलडमध्ये टाका.

लेट्यूस ऑक्टोबर हीट संपल्यावरच. हे नीट ऐका, लेट्यूसचं बी गरम मातीत झोपून राहतं, तापमान ३० च्या आसपास गेलं की उगवतच नाही आणि लोक म्हणतात बी खराब निघालं. दिवाळीच्या सुमारास रात्री गार व्हायला लागल्या की पेरा, किंवा घाई असेल तर बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग घरातल्या गार कोपऱ्यात ट्रेमध्ये लावा. दुसरं म्हणजे या बियाला उजेड लागतो, खोल पुरायचं नाही, मातीवर टाकून वरून चिमूटभर कोकोपीट भुरभुरवा, बास. गड्डा बांधणारा आइसबर्ग आपल्या हवेत अवघड आहे, सुट्ट्या पानांच्या जाती घ्या, हिरवा-लाल लोलो, ओकलीफ, फार तर रोमेन.

मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात शेवटी, नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं. लाल गोल मुळा २५ ते ३० दिवसांत येतो, पांढरा लांब पुसा चेतकी ४० ते ४५ दिवसांत, आणि चेतकी ऊनही सोसतो. धणे पेरताना लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजत घाला. पातीसाठी बी वगैरे काही नको, घरात कोंब फुटलेले छोटे कांदे असतातच, ते टोचून द्या.

पंधरा-पंधरा दिवसांचं का म्हणतेय, तर अख्खं पाकीट एका क्रेटमध्ये ओतलं की एकाच आठवड्यात मुळ्यांचा ढीग होतो, घरात कोणी खात नाही, आणि पुढे दीड महिना क्रेट रिकामं. त्यापेक्षा एका वेळी एका क्रेटचा तिसरा हिस्सा पेरा आणि काठीवर तारीख लिहा.

काकडीचं वेगळं. डिसेंबरच्या थंडीत वेल थिजल्यासारखा होतो, म्हणून थंडीच्या ताटात काकडी बाजारची चालवून घ्या, आणि घरची काकडी जानेवारीच्या शेवटी किंवा जूनमध्ये पेरा.

६. विरळणी, पाणी आणि आधार

विरळणीला हात थरथरतो सगळ्यांचाच, उगवलेलं रोप काढायचं जिवावर येतं. पण मुळ्याला दोन-तीन बोटं, गाजराला दोन बोटं, बीटला चार बोटं आणि लेट्यूसला एक वीत जागा मिळाली नाही तर खाली काहीच धरत नाही. "माझ्या मुळ्याला नुसता पालाच आला" याचं कारण दहातल्या आठ वेळा दाटी, नाहीतर कमी ऊन, नाहीतर खताचा मारा. काढलेली कोवळी रोपं फेकायची नाहीत, ती धुऊन थेट कोशिंबिरीत.

पाणी सकाळी, मुळाशी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर नका देऊ. पानांवर संध्याकाळी पाणी राहिलं की बुरशी येते, आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात ती पण बहुतेक जास्त पाण्यामुळेच. टोमॅटोचं बूड काळं पडतं, लोक औषध शोधतात, पण ते बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे होतं, दोन दिवस कोरडं आणि मग बादलीभर, अशाने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरलेलं पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं केलं की पुढची फळं नीट येतात. काकडी पण पाण्याचा ताण पडला की कडू होते.

टोमॅटोला लावतानाच काठी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट बोटभर असतानाच मोडा. गच्चीवर वारा कमी असेल किंवा जाळ्या लावलेल्या असतील तर सकाळी फुलांचा घोस टिचकीने हलवा, परागकण झडून फळ धरतं. काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी, मादी फुलाच्या मागे छोटीशी काकडी दिसते. मधमाश्या येत नसतील तर सकाळी ताजं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलकं फिरवा.

७. कीड

मावा, पांढरी माशी, पानात नक्षी काढणारी नागअळी, आणि ओलसर जागेत गोगलगाय, हे चौघे येणारच. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पानं उलटी करून बघा, सुरुवातीला दिसली तर बोटाने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काम भागतं. नागअळीचं पान तोडून टाका. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे.

यापुढे गेलं तर १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि काही थेंब भांडी घासायचा लिक्विड सोप, नीट घुसळून, ऊन उतरल्यावर. लेट्यूसवर मारलंत तर पुढचे चार-पाच दिवस ते पान तोडू नका, नाहीतर कडवट वास राहतो. कृषी सेवा केंद्रातून "एकदम जालीम" म्हणून दिलेलं रासायनिक औषध सॅलडच्या पानांवर कृपा करून मारू नका. प्रत्येक औषधाला फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचा काळ असतो, तो पिकागणिक ठरतो, आणि आपण तर रोज दोन पानं तोडून खाणार.

८. काढणी

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. रात्रभरात पानं पाण्याने भरलेली असतात, दुपारी तोडलेलं पान टेबलावर येईपर्यंत माना टाकतं.

लेट्यूस उपटायचा नाही. बाहेरची मोठी पानं बुडापासून तोडा, मधली चार-पाच ठेवा, झाड पुन्हा भरतं, असं दीड-दोन महिने चालतं. किंवा सगळं एकदम हवं असेल तर बुडापासून दोन बोटं वर कात्रीने कापा, परत फुटेल. फेब्रुवारीच्या शेवटी झाड मधूनच उंच व्हायला लागलं आणि कापल्यावर पांढरा चीक जास्त दिसला की ते फुलोऱ्यावर निघालं, आता कडूच लागणार, काढून टाका.

मुळ्याचा खांदा मातीच्या वर दिसला की खेचा. "अजून जरा मोठा होऊ दे" म्हणून ठेवला की आतून पोकळ आणि जून होतो. पाला कोवळा असेल तर पचडी करा, फेकू नका. दोन-तीन झाडं मुद्दाम सोडा, त्यांना डिंगऱ्या लागतात, त्या कोवळ्या शेंगा कोशिंबिरीत चावायला फार छान.

गाजर काढायच्या आदल्या दिवशी पाणी द्या, नाहीतर पाला हातात आणि गाजर मातीत. बीट लिंबाएवढं ते छोट्या संत्र्याएवढं असतानाच काढा, कच्चं किसायला तेच गोड. टोमॅटो रंग फिरायला लागला की तोडला तरी घरात पिकतो, पक्षी आणि खारी असतील तर तसंच करा, फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, चव जाते. काकडी बोटांनी ओढायची नाही, देठ कात्रीने कापा, आणि रोज बघा, एक काकडी वेलावर पिवळी होईपर्यंत राहिली की वेल नवीन धरायचं कमी करतो. कोवळी असेल तेव्हा चोचवून खमंग काकडी करा, बिया काढायची गरजच पडत नाही.

धुताना वाहत्या पाण्याखाली एक-एक पान, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की सगळं निर्जंतुक होतं असं समजू नका, त्याने फार तर लपलेला मावा-अळी वर येते. पाणी पूर्ण निथळू द्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये. ओली पानं तशीच डब्यात भरली की दुसऱ्या दिवशी चिकट.

९. मार्चनंतर

लेट्यूस, गाजर, बीट संपलं की रिकाम्या क्रेटमधली माती प्लॅस्टिकवर पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, मुळं वेचून काढा, एक तृतीयांश नवीन गांडूळखत आणि निंबोळी पेंड मिसळून परत भरा. टोमॅटोची माती पुन्हा टोमॅटोला देऊ नका, मिरची-वांग्यालाही नको, ती एकाच घराण्यातली, रोग पण तेच. एप्रिल-मे मध्ये ५० टक्के सावली देणारी ग्रीन नेट असेल तर कोथिंबीर आणि चेतकी मुळा थोडाफार निघतो, नसेल तर क्रेटवर पालापाचोळा टाकून झाकून ठेवा आणि अधूनमधून पाणी मारा. जूनचे पहिले दोन पाऊस झाले की त्याच मातीने बादल्या भरा, काकडीच्या हिमांगी किंवा पुना खिरा जातीचं बी बादलीत दोन-दोन टोचा, उगवल्यावर एकच ठेवा, आणि वेल चढवायला जाळी आधीच बांधून ठेवा.